दंड चौदा, बरं का

"हात सैल सोडा मामा. दंड फुगवू नका."

"फुगवलाय कुठं? हाय तसाच हाय त्यो," असं म्हणत लोंढेमामांनी श्वास आत ओढला आणि दंड फुगवलाच.

मी टेप गुंडाळली, आकडा बघितला आणि सोडून परत गुंडाळली. कधी कधी टेप पीळ खाते आणि माप चुकतं. पण पीळ नव्हता. अकरा इंच.

मशीनच्या पलीकडे माझी बायको शकू मापांची वही मांडीवर घेऊन पेन धरून बसली होती.

"दंड चौदा, बरं का," मी मोठ्यानं सांगितलं.

तिनं काहीच लिहिलं नाही. आमच्या दुकानाची ही जुनी रीत. मी माप ओरडायचं, तिनं लिहायचं. पण आकड्यापुढे 'बरं का' आलं की तिनं पेन थांबवायचं आणि गिऱ्हाईक पायऱ्या उतरल्यावर मला खरा आकडा विचारायचा. गिऱ्हाईक दुकानात माप द्यायला येतं, घ्यायला नाही. कंबर दोन इंच सुटलेली कुणाला ऐकायची नसते, छाती दोन इंच आटलेली तर त्याहून नाही. कुर्डुवाडीत कोण किती सुटलं आणि कोण किती वाळलं याचा हिशेब डॉक्टरांच्या आधी आमच्या वहीत लागायचा. तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही माझ्या बापाची शिकवण. कपडा गुपचूप सैल करायचा किंवा गुपचूप आखडता घ्यायचा. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, "वा! अजून तसाच आहे मी," आणि पुढच्या दिवाळीला परत येतं.

सतरा वर्षं झाली त्या दिवसाला. चौदा म्हणताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती.

"ऐकलंस का शकू?" लोंढेमामांचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. "चौदा! एकोणसत्तरावं चालू हाय मला. आजकालच्या पोरांचा दाखीव चौदा."

भिकाजी लोंढे नॅरोगेजचे ड्रायव्हर होते. त्याआधी अकरा वर्षं फायरमन, म्हणजे फावड्यानं इंजिनात कोळसा टाकायचं काम. त्यांच्या नोकरीच्या काळात मी त्यांचे युनिफॉर्म शिवले आहेत. शर्टाच्या बाह्यांना वेगळं कापड धरावं लागायचं, कापडाच्या नेहमीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, त्यांचे दंड बसायचे नाहीत. मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी सरूमामी अडीच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मागे उरली ती सगळ्यात धाकटी बहीण इंदूबाई आणि तिच्या तीन मुली. त्यातल्या धाकट्या स्वप्नालीच्या लग्नासाठी बंद गळ्याचा कोट शिवायला मामा आले होते. लग्न बारा दिवसांवर होतं.

"आता माझी शंका फिटली बघ," खुर्चीत बसून चहा घेता घेता ते म्हणाले. "इंदू म्हणत हुती, दादा, या टायमाला पोरीला नुसतं हाताला धरून आण. मी म्हनलं, बघू. मनात धाकधूक हुती जरा. आता चौदा भरलंय म्हनल्यावर इचारायचंच नाही. थोरल्या दोघींना उचलून आणलं, हिला चालवत आणू? ती काय सवतीची हाय?"

आमच्याकडे मामानं नवरीला गौरीहरापासून बोहल्यापर्यंत उचलून आणायची पद्धत होती. हल्ली बरेच मामा हात धरून आणतात, कुणी काही म्हणत नाही. पण लोंढेमामांनी थोरल्या दोन्ही भाच्या फुलाच्या परडीसारख्या आणल्या होत्या, आणि ते बघितलेले लोक गावात जिवंत होते.

चहा संपला. मामांनी कप ठेवला, दोन्ही पंजे टेबलावर रोवले, तोंडातल्या तोंडात "हं" म्हणाले आणि उठले. दुकानाच्या तीन पायऱ्या ते आडवे होऊन उतरले, एक हात भिंतीला लावून.

"किती?" शकूनं विचारलं.

"अकरा."

तिनं वहीची मागची पानं उलटली. सरूमामी होत्या त्या दिवाळीला चौदा. त्यानंतर तेरा. मग सव्वाबारा. आज अकरा.

"अहो, ती पोरगी छप्पन किलोची आहे. मी कालच तिचे ब्लाउज बेतलेत."

"शालू, दागिने, मुंडावळ्या धरून साठ," मी म्हणालो.

"उद्या सकाळी जाऊन खरं सांगून या."

"जातो."

पण त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला चौघांनी गाठलं. "काय टेलर, लोंढेमामाचा दंड चौदा भरला म्हणे!" मामा स्टेशनापासून शाळेपर्यंत सगळ्यांना सांगत गेले होते. वर माझ्या टेपची साक्ष काढत होते.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वाक्य तयार करून नेलं होतं: 'मामा, काल मोजण्यात चूक झाली.' दारातच ते म्हणाले, "बरं झालं आलास. ह्यो डबा उघड जरा. घामानं हात सरकायलाय."

बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, झाकण मी दोन बोटांनी काढलं. आत खारी. शेगडीवर चहाचं पातेलं, आणि दुसरं एकही भांडं ओलं नव्हतं.

"जेवण?"

"ह्येच की. सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-खारी. सरू गेल्यापासनं भूकच लागत न्हाई बघ. आणि एकट्यासाठी कुठं भाकरी थापत बसू?" मग त्यांचा आवाज चढला. "ते सोड. कालपासनं सराव सुरू केलाय. ते पोतं बघ. अर्धं भरलंय ज्वारीनं. तीनदा उचललं."

मी पोत्याकडे बघितलं. दारापासून कोपऱ्यापर्यंत फरशीवर पांढुरकी रेघ उठली होती. पोतं ओढलेलं होतं, उचललेलं नव्हतं. त्या रेघेवरून नजर फिरवत मी चहा प्यालो आणि "कोट झकास करतो," एवढंच बोलून परत आलो.

"सांगितलं?"

"उद्या सांगतो. आज त्यांचा मूड चांगला होता."

"मूड वाईट असेल तेव्हा सांगणार का?" शकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वाट बदलली. मामांना सांगण्यापेक्षा इंदूबाईंना सांगावं. बाई समजूतदार, त्या आपणच काहीतरी काढून भावाला अडवतील. त्यांच्या अंगणात मांडव घालायचं काम चाललं होतं. मला बघताच त्या धावत आल्या.

"शिंपीदादा, तुमच्या तोंडात साखर पडो! मला घोर लागला होता हो. दादा हल्ली वाळल्यागत दिसतो, म्हटलं काही दुखणं तर नाही? डॉक्टरकडं न्यायचं चाललं होतं माझं. तुम्ही चौदा म्हणालात आणि जीव भांड्यात पडला."

"डॉक्टरकडे न्यायला काय हरकत आहे?" मी चाचरत म्हणालो.

"कशाला आता? लग्न आटपू दे. तो कुठं येतोय? म्हणतो, टेपनं चौदा दाखवलं, डॉक्टर काय अठरा दाखवणार का?"

त्या हसल्या. मीही हसलो. लाडू खाऊन घरी आलो. त्या बारा दिवसांत माझ्या हातून मशीनच्या सात सुया मोडल्या. एरवी वर्षाला चार मोडतात.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टर तांबोळींच्या दवाखान्यात गेलो. पोरगी हुशार. मूळची बार्शीची, शिकून आमच्या गावात येऊन बसलेली. तिचे ड्रेस आमच्याकडे व्हायचे. बसायला सांगून तिनं विचारलं, "काय होतंय टेलरकाका?"

"मला काही नाही." मी सगळं सांगितलं. 'बरं का'सकट.

ती हसली नाही. तिचे प्रश्न मात्र असे की जणू मामांच्या मागोमाग फिरून आली होती. "खुर्चीतून हात न टेकता उठतात?"

"नाही."

"डब्याचं झाकण उघडतात?"

"परवा मी उघडलं."

"चालणं?"

"पूर्वी बाजारात मला त्यांना गाठायला पळावं लागायचं. आता मी चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक करून थांबतो."

"काका, हे नुसतं वय नाही. वय झालं की मांस झिजतं, सगळ्यांचंच. पण पोटात डाळ, अंडं, दूध जात नसेल आणि अंगाला काम नसेल तर ते भराभरा झिजतं. माणूस आजारी दिसत नाही, नुसता कमी होत जातो. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो, तेव्हा तो आमच्याकडे येतो."

"काही करता येतं का?"

"पुष्कळ. अजून दुसरं काही दुखणं नाही ना, ते मी तपासून बघेन. नीट खायचं, रोज खुर्चीतून उठबस करायची, हातात थोडं थोडं वजन घ्यायचं. सत्तरीतही भरून येतं."

"नऊ दिवस आहेत."

"नऊ दिवसांत कोट होतो काका, दंड होत नाही. तीन-चार महिने धरा." मग तिनं पेन उचललं. "हे कधीपासून आहे, काही अंदाज?"

मी वही न बघता सांगितलं. चौदा, तेरा, सव्वाबारा, अकरा, महिन्यांसकट. तिनं पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे कुणी पेशंट आला की पहिली अडचण हीच असते. आधी तो किती होता, हे घरात कुणालाच माहीत नसतं. तुम्हाला माहीत होतं?"

"धंद्याचं असतं ते, मॅडम. बोलायचं नसतं."

"हं," ती म्हणाली. "त्यांना घेऊन या. आणि मुलीला उचलू देऊ नका. त्यांचा खुबा जाईल किंवा तिचं डोकं फुटेल."

दवाखान्यातून मी सरळ मामांकडे जायला हवं होतं. माझी पावलं दुकानाकडे वळली, कारण वाटेत मला एक युक्ती सुचली होती. आयुष्यभर मी तोंडानं बोलायचं टाळून कातरीनं बोलत आलो. इथंही तेच करायचं ठरवलं.

कोटाचा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तो घेर, खाली उतरवला की हात वर जात नाहीत. पाठ दोन बोटं आखडती घेतली की हात पुढे येऊन एकमेकांना भिडत नाहीत. माणूस ताठ उभा राहिला तर कोट राजासारखा दिसतो. पण त्या कोटात कुणाला कवेत घेता येत नाही. नवरीला तर नाहीच नाही. पाठीची शिवण मी तीन पदरी मारली. खांद्यात बक्रमचं कडक कापड भरलं, बाहीच्या वरच्या भागात अस्तराखाली कापूस असा बसवला की बाहेरून दंड जुन्यासारखे भरदार दिसावेत. बायको बघत होती.

"हे काय चाललंय?"

"कोट आखडला म्हणून उचलता आलं नाही. दोष शिंप्याचा. मामांची इज्जत राहील."

"आणि डॉक्टरीण म्हणाली ते?"

"लग्नानंतर."

"तुमची अक्कल अशीच खर्ची पडते," ती म्हणाली आणि बटणांची काजं करायला बसली.

ट्रायलला मामा आरशासमोर उभे राहिले. मी बटणं लावली. खरं सांगतो, चाळीस वर्षांत मी असा कोट शिवला नव्हता. आरशात पन्नाशीचा ड्रायव्हर उभा होता. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. ते स्वतःकडे इतका वेळ बघत राहिले की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"जरा आखडतंय रं," ते म्हणाले.

"नवं कापड आहे मामा. अंगावर बसेल."

लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मे महिना. कार्यालयात मी अकरालाच जाऊन गौरीहराच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत पावलं मोजून आलो. बावीस, आणि शेवटी चार पायऱ्या. मामा कोट घालून सगळ्यांशी बोलत हिंडत होते. नवरदेवाकडचे बार्शीचे वऱ्हाडी एकमेकांना दाखवत होते, "ते नवरीचे मामा. रेल्वेत होते. काय प्रकृती आहे बघा." माझा जीव मात्र एका जागी ठरत नव्हता. तीनदा मी पाणी प्यायलो. शेवटी गौरीहराच्या दारात भिंतीला टेकून उभा राहिलो. शकू माझ्याशेजारी येऊन थांबली.

भटजींनी आवाज दिला, "नवरीला आणा."

स्वप्नाली पाटावर मांडी घालून बसली होती. मामा पुढे झाले, वाकले, हात पुढे केले. हात अर्ध्यावर अडले. पुन्हा केले. पाठीची शिवण करकरली, पण उसवली नाही. तीन पदरी होती ती.

"दाम्या!" ते ओरडले. "लेका, कोट आखडलाय की!"

बायका हसल्या. मी चेहरा पाडून पुढे झालो. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं होतं: 'माझी चूक झाली मामा, आता हात धरूनच आणा.' पण ते तोंडातून बाहेर पडायच्या आत मामांची बोटं पहिल्या बटणावर गेली.

एवढ्या सगळ्या हिशेबात मी ही एक गोष्ट धरलीच नव्हती. अकरा वर्षं भट्टीसमोर उघड्या अंगानं काम केलेला माणूस. त्याला कपडा नडला तर तो कपडा काढणार.

सात बटणं मामांनी भराभर सोडली. कोट उतरवून माझ्या अंगावर टाकला. मेच्या उकाड्यात आत शर्ट कशाला घालतील? बनियन होतं.

खोलीतलं हसणं थांबलं. वाळवणाच्या दोरीला ओलं धोतर लोंबावं तशी त्यांच्या दंडाची कातडी लोंबत होती. खांद्याची हाडं वर आलेली. इंदूबाईंनी तोंडावर पदर धरला. आणि माझ्या हातात त्यांचे दंड होते, कापसाचे, चौदा इंची.

"मामा, थांबा." हा आवाज माझाच होता. "चौदा नाहीत. अकरा आहेत. मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बारा दिवसांमागं चौदा आणि आज अकरा? का रं, मांडवात आटलो व्हय मी?"

कुणीतरी खिदळलं.

"खोटं बोललो मामा. दुकानात सगळ्यांनाच बोलतो."

"मग तवा खोटं बोललास का आत्ता?"

मी शकूकडे बघितलं. ती खाली बघत होती.

मामा परत वाकले. एक हात पोरीच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागं. ती कुजबुजली, "मामा, मी येते की चालत."

"गप बस गं."

त्यांनी जोर केला. मानेची शीर करंगळीएवढी फुगली. स्वप्नाली पाटावरून चार बोटं वर आली. तिच्या हातातला नारळ थरथरला. मग ती चार बोटं खाली आली, नीट पाटावर, कारण पडता पडताही त्यांनी तिला सावरून ठेवलं. पण त्यांचे स्वतःचे गुडघे सुटले. दोन्ही गुडघ्यांवर ते फरशीवर आपटले तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. एकदा. हात टेकून पुन्हा एकदा. मांड्या वर येईनात. मी पुढे झालो तर त्यांनी अशी नजर टाकली की मी जागीच खिळलो. इंदूबाईंचे दोन जावई उगाच मुंडासं नीट करू लागले. बाहेर भटजी म्हणत होते, "मुहूर्त टळतोय हो."

स्वप्नाली उठली. शालूचा घोळ तिनं डाव्या हातानं कमरेला खोचला. नारळ आईच्या हातात दिला आणि मामांसमोर दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"चला मामा. मला एकटीला नाही जायचं."

त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी ते धरले. पोरीनं पाय रोवले, मागे कलली आणि ओढलं. मामा उठले. खांद्यावर कुणीतरी उपरणं टाकलं. तिनं हात सोडला नाही. बावीस पावलं आणि चार पायऱ्या ती दोघं गेली. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, मामा हल्लीच्या पद्धतीनं नवरीला हाताला धरून आणतायत. कोण कुणाला आणत होतं, ते आम्हा पाच-सात जणांनाच माहीत. मंगलाष्टकं सहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

जेवायला मी थांबलो नाही. कोट घेऊन घरी आलो.

लग्नानंतरच्या आठवड्यात इंदूबाईंनी मामांना डॉक्टरकडे नेलं. हे मला डॉक्टरीणबाईंकडूनच कळलं. दुसरं कुठलं दुखणं निघालं नाही. हात न टेकता खुर्चीतून उठवून बघितलं तर एकदाही उठता आलं नाही. तिनं मला विचारलं, "ते आकडे लिहून द्याल का, तारखांसकट? त्यांना दाखवायचेत. नुसतं सांगून ते ऐकत नाहीत."

मी चार ओळी लिहून दिल्या. अक्षर चांगलं काढलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर मामा पायरीखाली उभे होते. हातात तो कागद. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी पायरीवर पाय टाकला नाही.

"ह्ये तुझंच अक्षर?"

"हो मामा."

"तेरा. ह्ये सरूच्या वर्षश्राद्धाच्या शर्टाचं."

"हो."

"त्या दिवशीबी तू मला चौदाच म्हनलास."

मी पुढे केलेली खुर्ची परत मागे घेतली.

"मला वाटलं, कोटाचं तेवढं एकच खोटं असंल. पोरीच्या लग्नाचं, आनंदाचं. म्हनून सोडून दिलं हुतं." ते कागदाकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "सरू गेल्यापासनं माझ्याकडं नीट बघणारा तू एकटा हुतास रं दामू. बाकीच्यांना माझा कपडाच दिसत हुता. तुला सगळं दिसत हुतं, इंचा-इंचानं. आन तू बोलला न्हाईस."

शकू मशीनमागून उठली. "मामा, चहा..."

"नगं," ते म्हणाले. कागदाची घडी करून खिशात घातली आणि गेले.

त्यानंतर त्यांचे कपडे समोरच्या मस्केकडे जाऊ लागले. मस्के मला एकदा म्हणाला, अजब गिऱ्हाईक आहे, टेप स्वतःच्या हातात घेऊन आकडा स्वतः वाचतं, आणि तीनदा वाचतं. किती भरलं, ते त्याला मी विचारलं नाही. आमची 'बरं का'ची रीत मात्र शकूनं त्याच महिन्यात बंद पाडली. पहिली काही गिऱ्हाइकं तुटली, नंतर सवय झाली.

आणि मामा रोज संध्याकाळी साडेपाचला माझ्या दुकानासमोरून जाऊ लागले. पलीकडच्या कडेनं, मान ताठ, माझ्याकडे न बघता. दोन्ही हातांत कापडी पिशव्या. डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या बाटल्या भरून चालायला सांगितलं होतं. चालायला गावात दुसरेही रस्ते होते. पण ते ह्याच रस्त्यानं यायचे, मला दाखवून.

मीही काम बाजूला ठेवून मोजायचो. पानाच्या टपरीपासून पोस्टाच्या पेटीपर्यंत, मनातल्या मनात सेकंद. जूनमध्ये एक्कावन्न लागले, आणि मध्ये विजेच्या खांबाला टेकून एकदा थांबले. गणपतीत त्रेचाळीस. त्या दिवसांत इंदूबाईंकडून डबा जातो, रोज दोन अंडी असतात, असं शकूला कळलं होतं. दिवाळीत चौतीस, आणि खांबाकडे बघितलंसुद्धा नाही. संक्रांतीनंतर पिशव्या मोठ्या झाल्या तरी एकोणतीस.

एके दिवशी शकू वैतागली. "आठ महिने झाले. रोज समोरून जातात, तुम्ही रोज हातातलं काम टाकून बघत बसता. हाक मारा की एकदा. चहाला बोलवा. माफी मागा आणि संपवा."

मी उठून दारात गेलो. मामा टपरीपाशी आले होते. मी पायरीवर उभा राहिलेला त्यांना दिसलो. त्यांनी एकदाच वळून माझ्याकडे बघितलं. भट्टीचं दार उघडल्यावर तोंडावर झळ यावी तसं. मग पिशव्या घट्ट धरल्या आणि पावलं उचलली. मी पायरीवर उभा राहूनच मोजले. सव्वीस. इतके कमी आजवर कधीच लागले नव्हते.

ते पोस्टाच्या पेटीपलीकडे वळून दिसेनासे झाले. मी आत येऊन मशीनवर बसलो.

"का नाही मारली हाक?" शकूनं विचारलं.

"आत आले तर बसतील," मी म्हणालो.